जागेवरून न हलणारी पिकअप

जुन्या गाड्यांच्या बाजारात त्याला सगळे भिंगवाला म्हणत. किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेलं छोटं भिंग काढून तो दाराच्या कडा, बिजागऱ्या, काचेच्या रबराखालचा रंग असं सगळं न्याहाळायचा. एवढं करून झालं की गाडी विकायला आलेल्या माणसाकडे मान वर करून विचारायचा, "खात्री काय?" गाडी एकाच हातची आहे म्हटलं, की खात्री काय. कधी ठोकलेली नाही म्हटलं, की खात्री काय. लग्न ठरताना सासऱ्यांनी "मुलगी स्वभावाने शांत आहे" असं सांगितलं, तेव्हाही हा पठ्ठ्या तोंडातल्या तोंडात हेच पुटपुटला होता म्हणे. बायको हा किस्सा आजही आल्यागेल्याला सांगते आणि तो आजही तो साफ नाकारतो.

असा माणूस एका इलेक्ट्रिक पिकअपला भुलला, याचं बाजाराला भारी नवल वाटलं. त्याचं काय झालं, तेव्हा नवी इलेक्ट्रिक पिकअप हवी तर नाव नोंदवून वर्षभर वाट बघत बसावं लागायचं. एका कंत्राटदाराने आपली वापरलेली विकायला काढली. राखाडी रंगाची, रुबाबदार, आवाज न करता चालणारी ती गाडी यार्डात शिरली आणि भिंगवाल्याचं भिंग खिशातच राहिलं. थोरल्या मेहुण्याला न विचारता त्याने ती घेऊन टाकली. यार्डची जागा त्या मेहुण्याची, सासऱ्यांच्या मागे त्याच्याकडे आलेली. धंदा तेवढा भिंगवाल्याचा.

आणि मग भाव जे घसरायला लागले, ते थांबायचं नावच घेईनात. कंपनीने नव्या गाडीचीच किंमत उतरवली, थोड्या दिवसांनी आणखी उतरवली. नाव नोंदवलेल्यांनी नावं काढून घेतली. शोरूमच्या मागच्या मैदानात नव्याकोऱ्या पिकअप धूळ खात उभ्या राहिल्या, तिथे वापरलेलीला कोण विचारतो? गिऱ्हाईक यायचं, हौद्याच्या कडेवरून हात फिरवायचं, दार उघडून लावून आवाज ऐकायचं, "बॅटरी गेली तर काय हो?" असं विचारायचं आणि शेजारच्या डिझेलच्या गाडीकडे वळायचं. घेतलेल्या किमतीच्या निम्म्यावर पाटी आली, तरी पिकअप जिथल्या तिथे.

"भावोजी, हा पांढरा हत्ती कधी जायचा?" मेहुणा रोज सकाळी विचारायचा.

शेवटी भिंगवाल्याने एक शक्कल लढवली. लोकांना बॅटरीची धास्ती आहे ना? मग त्याने काचेवर मोठ्या अक्षरांत लिहून टाकलं: 'दोन महिने वापरा. नाही पटली तर परत आणा. पूर्ण पैसे परत.' मेहुण्याने ते वाचलं आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"ठीक आहे," तो म्हणाला. "पण एक सांगून ठेवतो. ती विकली गेली आणि परत आली, तर तुम्ही त्याच गाडीत बसून घरी जायचं. मला इथे गाड्या धुण्याचं केंद्र टाकायचंय. मशीनवाला कधीचा मागे लागलाय."

तो थट्टा करत नव्हता. म्हणजे या वयात भिंगवाल्याला दुसऱ्याच्या यार्डात नोकरी मागायला जावं लागलं असतं.

यानंतर काही दिवसांनी ती बाई आली. पडदे शिवून देते, असं तिने सांगितलं. साधी, घाईत असल्यासारखी. हातात मोठी कापडी पिशवी. बाकीच्या गाड्यांकडे ढुंकूनही न बघता ती थेट पिकअपजवळ जाऊन उभी राहिली.

"काय माल वाहायचा असतो, ताई?" भिंगवाल्याने विचारलं.

"वाहायचं असं काही नाही."

"मग लांबचं जाणंयेणं असेल?"

"छे. मला चालवता कुठे येते."

भिंगवाल्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, ती तिथेच. बाईने हौद्यातल्या प्लगच्या जागा पाहिल्या, पिशवीतून टेबलावरचा दिवा काढला, वायर लावली. दिवा लागला. भर दुपारी त्या उन्हात लागलेल्या दिव्याकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने विचारलं, "गाडी जागेवर उभी असली, तरी हा असाच चालतो ना? काही आवाज, धूर?"

"काही नाही."

"किंमत पाटीवर आहे तीच?"

"तीच," तो म्हणाला आणि घासाघीस सुरू व्हायची वाट बघू लागला. ती सुरूच झाली नाही. बाईने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पैसे आणते म्हणाली.

आता घासाघीस न करणारं गिऱ्हाईक म्हणजे भिंगवाल्याच्या लेखी सर्वांत धोक्याचं. भाव करणाऱ्याला गाडी हवी असते. भाव न करणाऱ्याला गाडीतलं दुसरंच काहीतरी हवं असतं, असा त्याचा आजवरचा अनुभव. एकाने असंच हूं की चूं न करता जुनी मोटार नेली होती आणि चौथ्या दिवशी तिचे आतले सगळे चांगले भाग बदलून, खोटं भांडण उकरून परत आणून लावली होती. तेव्हा परतीची पाटीही नव्हती. इथे तर पाटी त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली.

दुसऱ्या दिवशी बाई तिच्या शेजारच्या बेकरीवाल्याला घेऊन आली. गाडी चालवायला तो. पैसे दिले, सह्या झाल्या. राहता राहिलं ते ॲप. या गाडीचं सगळं मालकाच्या फोनवर असतं. गाडी कुठे आहे, चार्जिंग किती उरलंय ते दिसतं. दारं, दिवे, हौद्यातले प्लगसुद्धा घरबसल्या चालू-बंद करता येतात. गाडी विकली की जुन्या मालकाने आपला फोन त्यातून काढायचा आणि नव्याचा जोडून द्यायचा, एवढं साधं काम.

भिंगवाल्याने ते केलं नाही. "कागद तुमच्या नावावर होऊ देत, मग बघू ते," तो म्हणाला. दोन महिने दोरी आपल्या हातात असलेली बरी, हा त्याचा हिशेब. बाई "बरं" म्हणाली. ॲप म्हणजे काय, हे तिला कळलं नसावं. बेकरीवाल्याला पावांची भट्टी सोडून आल्याची घाई होती.

त्या दिवसापासून भिंगवाला फोनमध्ये डोकं घालून बसू लागला. पिकअप बाईच्या घरी गेली आणि तिथे जी उभी राहिली, ती हललीच नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. पण चार्जिंग मात्र रोज संध्याकाळी उतरायचं आणि सकाळपर्यंत पुन्हा चढायचं. उभ्या गाडीची बॅटरी खातंय कोण? यात नक्की पाणी मुरतंय, असं तो जेवताना बायकोला म्हणाला.

"गाडी विकली ना? पैसे आले ना? मग त्या बाईचा पिच्छा सोडा आता," बायको म्हणाली.

"अगं, ती बॅटरी पिळून काढेल आणि दोन महिन्यांनी आणून लावेल आपल्या दारात. मग तुझा दादा मला कुठे लावेल, माहितीये ना?"

"तुम्हाला तर मी भाजीत मीठ घातलं तरी वाटतं, यात काहीतरी डाव आहे."

"आज जरा जास्तच पडलंय," तो म्हणाला. त्यावर तिने त्याच्यासमोरचं ताट पुढे ओढलं आणि भाजी काढून घेतली.

संशय एकदा डोक्यात शिरला की माणसाला सगळीकडे पुरावेच दिसतात. न राहवून तो एका दुपारी बाईच्या गल्लीत गेला. घराला लागून पत्र्याची शेड होती आणि शेडच्या तोंडावर वरपासून खालपर्यंत जाड पडदा. खालून पिकअपची चाकं तेवढी दिसत होती. हौद्यातून एक जाड वायर निघून खिडकीच्या फटीतून आत गेली होती. खिडकीलाही पडदा. त्याने बेल वाजवली. बाईने दार उघडलं, तेही बोटभर.

"सहज आलो होतो. गाडी नीट चाललीये ना, बघावं म्हटलं."

"नीट आहे," ती दारातूनच म्हणाली.

"एकदा आत येऊन प्लग बघून घेतो हवं तर."

"नको, नको. आत झोपलेत. काही झालं तर मी फोन करीन ना, भाऊ." आणि दार लागलं.

नीट चालली असेल तर लपवायचं काय? परत येताना त्याने मनातल्या मनात तीन-चार उद्योग रचले. आत छुपा कारखाना असेल. नकली काहीतरी बनत असेल. किंवा बॅटरीचेच तुकडे काढून विकत असतील. बाई ताकास तूर लागू देत नव्हती आणि भिंगवाल्याला तर आता झोप लागत नव्हती. त्यातच मेहुण्याने यार्डात मशीनवाल्याला आणून जागा दाखवली. फीत लावून मोजमापं घेतली. "नुसती बघून ठेवतोय हो, भावोजी," तो म्हणाला आणि भिंगवाल्याच्या टेबलाची लांबीही मोजली.

त्या संध्याकाळी भिंगवाला घराच्या पायरीवर फोन घेऊन बसला. चार्जिंग उतरायला लागलं. रोजच्यासारखंच. त्याच्या मनात आलं, प्लग बंद करून तर बघू. आत काय चाललंय ते आपोआप बाहेर येईल. ज्याचं काम अडेल तो बोंबलेल. त्याने 'हौद्यातील वीज' असं लिहिलेल्या बटणावर अंगठा ठेवला. बटण हिरव्याचं राखाडी झालं. चार्जिंग उतरायचं थांबलं. भिंगवाला स्वतःशीच हसला. चोर पकडल्याचा आनंद त्याला खरोखरच झाला होता, हे सांगायलाच हवं.

फोन लगेच वाजला.

"भाऊ, मी पडदेवाली… तो मागचा प्लग बंद पडलाय हो! काय करू? लवकर सांगा ना!" तिच्या आवाजामागे काहीतरी टीं-टीं-टीं करत सारखं वाजत होतं.

"काय लावलंय तुम्ही त्याला, ताई?" त्याने आवाजात वचक आणून विचारलं. आता कशी सापडली, असं त्याच्या मनात होतं.

"ह्यांचं मशीन आहे, भाऊ. ऑक्सिजनचं. लाइट गेलेत आमच्याकडे, रोज जातात या वेळेला. सिलिंडर संपलाय. ह्यांना… अहो, असं नका करू, माझ्याकडे बघा, हळू घ्या, हळू… भाऊ, काय दाबू सांगा ना!"

फोन कानावरून काढून भिंगवाला बटण शोधू लागला. अंगठा घामाने ओला झालेला, फोनचं कुलूप उघडेना. शर्टाला पुसला, पुन्हा लावला. ॲप उघडलं तर मधोमध एक गोल चाक फिरत बसलं. त्या चाकाला त्याने हात जोडले, शिव्या दिल्या, पुन्हा हात जोडले. लांबून, फोनमधून, ते टीं-टीं ऐकू येतच होतं आणि त्यामागे एका माणसाचं धापा टाकणं. बटण दिसलं. त्याने दाबलं. राखाडीचं हिरवं झालं.

टीं-टीं थांबलं.

"आलं! आलं, भाऊ!" बाई रडत होती. "तुम्ही काय केलंत?"

"काही नाही," तो म्हणाला. "फोनवरून… बघितलं जरा."

"देव तुमचं भलं करो. तुम्ही फोन उचलला नसता तर आज…"

तिने फोन ठेवला. भिंगवाला पायरीवरच बसून राहिला. बायकोने आतून जेवायला हाक मारली, ती त्याला ऐकू आली नाही. आपण काय करून बसलो होतो, हे त्याला पुरतं कळलं होतं आणि ते आणखी कुणालाही कळलेलं नव्हतं.

सकाळी तो यार्डात न जाता गल्लीत गेला. या वेळी बाईने दार सताड उघडलं. आत, शिलाईच्या मशीनशेजारी खाटेवर तिचा नवरा उशांना टेकून बसला होता. नाकाला नळी. खाली एक चौकोनी यंत्र घरघरत होतं. सगळीकडे दुसऱ्यांच्या घरांचे पडदे घड्या घालून ठेवलेले.

"त्या दिवशी तुम्हाला दारातून घालवलं, माफ करा हं," बाई चहाचा कप पुढे करत म्हणाली. "खरं सांगू का? मला तुमचीच भीती वाटायची. इन्व्हर्टर तासाभरात मान टाकतो. जनरेटरचा धूर ह्यांना चालत नाही. एवढी मोठी बॅटरी नुसती घ्यायची तर आमच्या आवाक्याबाहेर. मग बेकरीवाले भाऊ म्हणाले, त्या पिकअपचे भाव पार पडलेत, त्यात तेवढीच बॅटरी असते. मला वाटलं, तुम्हाला आमची गरज कळली तर तुम्ही भाव चढवाल. म्हणून भावाचं काही बोललेच नाही. बोलले असते तर रडले असते तुमच्यापुढे."

भिंगवाल्याने कप खाली ठेवला. तिने सांगितलं ते खोटं नव्हतं. त्याने भाव चढवलाच असता.

"आणि ती परतीची अट आहे ना," बाई पुढे म्हणाली, "ती काढून टाका. कुठे सही करू सांगा. ही गाडी आम्ही परत करणार नाही. कधीच नाही."

हेच ऐकण्यासाठी तो इतके दिवस तळमळला होता. मेहुणा, मशीनवाला, त्याची ती फीत, सगळ्यांची तोंडं एका सहीने बंद होणार होती. खिशात पेन होतं. ॲपमधून गुपचूप आपला फोन काढायचा, तिचा जोडायचा, सही घ्यायची आणि निघायचं. कोण विचारणार होतं?

तेवढ्यात खाटेवरच्या माणसाने हात वर केला. त्याला एका दमात बोलता येत नव्हतं.

"काल… घाबरलो होतो," तो म्हणाला. मग बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला. "तुम्ही… होतात म्हणून."

भिंगवाल्याला ते सोसवलं नाही. त्याने फोन काढून बाईसमोर धरला.

"ताई, हे बटण बघा. तुमच्या गाडीतला प्लग इथून चालू-बंद होतो. हे मी पहिल्याच दिवशी तुम्हाला द्यायला हवं होतं. नाही दिलं. माझा विश्वास नव्हता. काल प्लग बिघडला नव्हता. मीच बंद केला होता. तुम्ही आत काय करता, ते बघायला."

बाईने आधी बटणाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. ती ओरडेल, असं भिंगवाल्याला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसता स्वतःचा फोन आणून त्याच्या हातात दिला. त्याने तिचा फोन जोडला, आपला काढला, दोन वेळा तपासून दाखवलं.

"आता हे बटण कुणाकडे?" तिने विचारलं.

"फक्त तुमच्याकडे."

"खात्री काय?"

सगळी हयात भिंगवाल्याने हा प्रश्न लोकांच्या तोंडावर मारला होता. कुणी शपथा घ्यायचे, कुणी चिडायचे, कुणी कागद काढून दाखवायचे. त्यातलं काहीही त्याला आता सुचेना.

"तुमचा फोन माझ्याकडे द्या," बाई म्हणाली. "आणि त्या खुर्चीवर बसा. संध्याकाळी लाइट जातील. तेव्हा मशीन चाललेलं मला बघायचंय. मग जा तुम्ही." तिने त्याचा फोन शिलाईच्या मशीनवर, स्वतःच्या हाताशी ठेवला. "आणि अट राहू दे ती. परतीची."

तो बसला. बाई पडदे शिवू लागली. दुपारी त्याचा फोन वाजायला लागला. स्क्रीनवर 'दादा' असं नाव आलं.

"कोण?"

"मेहुणा. गाडी कायमची गेली की परत येणार, विचारत असेल. मशीनवाला आला असेल त्याच्याकडे."

"मग बोला."

"काय सांगू त्याला, ताई?"

"ते मी कसं सांगू?" ती सुईत दोरा ओवत म्हणाली. "अजून दिवस आहेत ना दोन महिन्यांतले."

फोन वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. भिंगवाल्याने तो मागितला नाही.

ऊन उतरलं आणि लाइट गेले. शिलाईचं मशीन जागच्या जागी थांबलं. बाईने उठून यंत्राची वायर खिडकीतून आत आलेल्या पिकअपच्या प्लगला जोडली आणि ऑक्सिजनचं यंत्र घरघरू लागलं. नवऱ्याचा डोळा लागला होता, त्याची छाती सावकाश वरखाली होत होती. बाईचं लक्ष मात्र यंत्राकडे नव्हतं, ती भिंगवाल्याकडे बघत होती. त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर, तिला दिसतील असे ठेवले.